मामाच्या डोक्यातली वाट

आधी माफी मागून घेतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढलो तो कॉम्प्युटर शिकायला. पाठ्यपुस्तकाबाहेरचं मी फारसं वाचलेलंही नाही. शिवाय ज्याच्याबद्दल लिहायचं आहे, त्या माझ्या मामाला वाचता येत नव्हतं. मी काय लिहिलं हे त्याला कधी तपासता आलं नसतं, आणि ते मला बरं वाटत नाही. तरी लिहितो. मामाच्या डोक्याच्या आत मी जितकं पाहिलं तितकं त्याच्या बायकोनं, बहिणीनं, कुणीच पाहिलेलं नाही, आणि ते सगळं माझ्याजवळच राहून गेलं आहे. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

मामाचं गाव शिरड शहापूरजवळ. घरची थोडी शेती आणि मेंढरांचा कळप. नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना, माझ्या सुट्ट्या त्या कळपामागेच जायच्या. कळपातली एखादी मेंढी कधी कधी बिघडायची. मान एका बाजूला कलती करून जागच्या जागी गरगर फिरायची, चरायचं सोडून द्यायची. अशा मेंढीच्या मेंदूत पाण्याची पिशवी वाढलेली असते, हे आमच्याकडच्या मेंढपाळांना कुणी शिकवावं लागत नाही. पिशवी मोठी झाली की वरचं हाड मऊ पडतं. मामा मेंढीचं डोकं मांडीत धरून अंगठ्यानं दाबत दाबत जायचा आणि हाड दबलं की थांबायचा. तिथली लोकर कापायची, तापवलेल्या पात्यानं हाडाला लहानशी फट पाडायची आणि आतली पांढरी, पातळ पिशवी चिमटीत धरून हळूहळू ओढून काढायची. न फुटता निघाली की मामा ती तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवायचा. मग जखमेत हळद भरून फडकं बांधायचं. काही मेंढ्या दोन-तीन दिवसांत चरायला लागायच्या. पुष्कळ मरायच्या. मामाच्या लक्षात जगलेल्याच राहत. कळपात बोट दाखवून तो म्हणायचा, "ती बघ, ती माझ्या हातची."

मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा मामाच्या उजव्या हातातून वस्तू पडायला लागल्या. आधी काठी, मग लोकर कापायची कात्री. मामी म्हणायची, वय झालं. तो पन्नाशीचाही नव्हता. मग बोलताना शब्द अडायला लागले. आणि जवळा बाजार या गावच्या एका आठवडी बाजाराला, दोन बोकडांचा सौदा चालू असताना मामा उभ्याउभ्या कोसळला. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. लोकांनी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल लावली. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "बोकडं कुटं हायेत?"

वसमतच्या डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं, नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो काढून औरंगाबादला पाठवलं. तिथे एमआरआय निघाला. मेंदूत डाव्या बाजूला गाठ होती.

हे ऐकल्यावर माझी आई रडायला लागली. मामाच्या चेहऱ्यावर मात्र सुटका झाल्यासारखं दिसलं.

"गाठ हाय व्हय? मला वाटलं काय झालं न् काय न्हाई." तो आईला म्हणाला, "काहून रडून राहिली तू? म्या एवढ्या मेंढ्यांच्या काढल्या. माझी एक कुनी तरी काढंलच की."

एमआरआयच्या मोठ्या काळ्या फिल्म मी हॉस्टेलवर नेल्या होत्या. खिडकीच्या काचेवर धरून तासन्‌तास बघायचो. एका फिल्मवर ओळीनं चौकोन, प्रत्येक चौकोनात डोक्याचा एक पातळ काप. एका कापात पांढरट डाग दिसायचा, पुढच्यात मोठा, त्याच्या पुढच्यात लहान. पण ती गाठ डोक्यात नेमकी कुठे आहे, कानापासून किती आत, कपाळापासून किती मागे, हे काही केल्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. मी आमच्या सरांना विचारलं, की हे सगळे काप कॉम्प्युटरवर एकावर एक रचून पूर्ण डोकं उभं करता येईल का, हातात घेऊन फिरवल्यासारखं? सर म्हणाले, परदेशात करतात, ऑपरेशनच्या आधी सर्जन त्यावरच वाट ठरवतात. मग म्हणाले, तुझ्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाच घे.

मी घेतला. मार्कांसाठी घेतला असं म्हणता येणार नाही. आत जायची वाट सापडत नसेल म्हणून डॉक्टर मामाला नुसत्या पुढच्या तारखा देत असतील, आणि ती वाट मी दाखवली तर ऑपरेशन होईल, असं मला खरोखर वाटत होतं.

औरंगाबादच्या सेंटरवरून मी मामाच्या स्कॅनची सीडी मागून आणली. काप रचले. कॉलेजच्या त्या मशीनवर डोकं थोडं फिरवायचं म्हटलं तरी चित्र अडकत अडकत फिरायचं. पण फिरायचं. कवटी पारदर्शक करता यायची, कुठूनही छेद घेऊन आत पाहता यायचं. गाठ मी तांबड्या रंगात दाखवली होती. गाठ कुठे संपते आणि मेंदू कुठे सुरू होतो हे कापांमध्ये स्पष्ट दिसत नाही, नुसता करडा रंग हळूहळू बदलत जातो. म्हणून स्क्रीनच्या कडेला एक सरकती पट्टी ठेवली होती. पट्टी सरकवली की प्रोग्राम त्या ठिकाणी कड पाडायचा. जरा उजवीकडे सरकवली की गाठ लहान, डावीकडे सरकवली की मोठी. आणखी एक सोय केली होती. कवटीवर कुठेही क्लिक केलं की तिथपासून गाठीपर्यंत एक पांढरी रेघ निघायची, तीच सर्जननं आत जायची वाट. बोलण्याची, हात हलवण्याची जागा वैद्यकीय पुस्तकातली चित्रं बघून आम्ही अंदाजानं रंगवली होती. रेघ त्या जागेतून गेली की लाल व्हायची.

औरंगाबादला पुन्हा दाखवायला जाताना मामा-मामी एका रविवारी नांदेडला थांबले. सरांनी लॅब उघडून दिली. लॅबबाहेर चपला काढायचा नियम होता. मामानं पायताणं काढली, काठी भिंतीला लावली, घोंगडीही तिथेच ठेवली. आत आल्यावर एसीचा गारठा लागला तसा परत जाऊन घोंगडी घेऊन आला.

"मशीनला बी थंडी लागती व्हय?" त्यानं विचारलं.

"मशीन गरम होतं, मामा. म्हणून."

"मग घोंगडी तिला न्हाई, मला पाहिजे बराबर." तो खुर्चीत बसला. स्क्रीनवर त्याचं डोकं होतं. नाक, कान, हनुवटी. मामीनं पदर तोंडावर धरला.

"आवं, ह्ये तर तुमीच," ती म्हणाली. "नाक बघा की."

"केसं कुटं गेली माजी?"

"केस येत नाहीत त्यात," मी म्हणालो.

"असू दे. तशी बी जाऊनच राहिलीत."

मी कवटी पारदर्शक केली. आत तांबडी गाठ दिसली, लिंबापेक्षा मोठी, गुळगुळीत. मामा पुढे वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग उजव्या हाताचा अंगठा वर नेऊन काचेवर टेकवला, पण तो नीट दाबला जाईना, म्हणून डावा टेकवला.

"ह्ये बघ," तो मामीला म्हणाला. "कड हाय याला. चांगली सुटी कड हाय. पिशवीच हाय ही. कड असली की सुटती."

मी त्याला पट्टीचं सांगितलं. म्हणालो, ही कड पट्टीवर आहे, हे बघ, सरकवली की बदलते. डाव्या हातात माऊस घेऊन त्यानं स्वतः पट्टी सरकवली. गाठ लहान होत गेली. लिंबाची सुपारी झाली.

"बघ, बसली की!" तो हसला. "भाचेबुवा, ह्ये आधी काहून न्हाई सांगितलं? डाक्टरकडं कशाला जायाचं मग?"

थट्टाच होती. पण मामी म्हणाली, "बास. तेवढीच राहू द्या आता. हात लावू नका." ती थट्टा करत नव्हती.

औरंगाबादच्या सर्जन एक बाई होत्या. बोलणं हळू, शांत. मी प्रोग्रामची सीडी नेली होती. ती त्यांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर चालली. त्यांनी विचारलं, "हे तू केलंस?" मी म्हणालो, "मी आणि आमचे सर." त्यांनी माऊस हातात घेतला आणि माझ्यापेक्षा सराईतपणे डोकं फिरवायला लागल्या. मला इतका आनंद झाला की ते डोकं कुणाचं आहे हे क्षणभर विसरलोच.

त्यांनी वरून क्लिक केलं. रेघ लाल झाली. बाजूने, कानाच्या वरून. लाल. कपाळाकडून, तिरपी. लाल. मागून. बराच वेळ पांढरी राहिली आणि गाठीच्या अलीकडे लाल झाली. त्या थोडं थोडं सरकवून क्लिक करत राहिल्या. एक तरी पांढरी राहील म्हणून मी स्क्रीनकडे बघत होतो. मामाही बघत होता. रंगांचा अर्थ मी त्याला बसमध्येच सांगितला होता.

मग त्या म्हणाल्या, "हे रंग तुम्ही अंदाजानं भरलेत, ते ठीक आहे. पण यांचा हात आणि बोलणं आधीच जायला लागलंय. म्हणजे जागा साधारण हीच आहे." त्यांनी कडेची पट्टी पाहिली. "ही कड तू ठरवलीस ना?"

"हो."

त्यांनी पट्टी डावीकडे सरकवली. तांबडा रंग पसरायला लागला. हाताच्या जागेत गेला, बोलण्याच्या जागेत गेला.

मामा म्हणाला, "बाई, तुमी उलटं करून राहिल्या. तिकडं न्हाई, इकडं सरकवा."

बाईंनी माऊस खाली ठेवला आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली. मामानं त्यांना मेंढीच्या पिशवीचं सगळं सांगितलं, अंगठा कसा दाबायचा, फट केवढी पाडायची. त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, मेंढीच्या डोक्यातली पिशवी जंताची असते. बाहेरून आलेली असते, म्हणून अख्खी निघते. हे तुमच्याच मेंदूचं बिघडलंय. याला पिशवी नाही. कापडावर तेल सांडलं तर ते कुठवर गेलं हे सांगता येत नाही, तसं आहे हे."

"मग तेवढं कापड कापून टाका."

"तेवढ्या कापडात तुमचा हात आहे. बोलणं आहे."

"हात डावा हाय की दुसरा. आन् बोलनं गेलं तर जाऊ द्या. मेंढरांशी कुटं बोलाय लागतं? शीळ घातली की झालं."

"आन् माझ्याशी?" मामी म्हणाली.

"तुझ्याशी बोलून एवढ्या वर्सांत काय उपेग झाला?"

तो एकटाच हसला. बाई म्हणाल्या, काढायला गेलं तर तुम्ही शुद्धीवर येण्याची खात्री नाही, आणि जेवढं काढू तेवढं परत वाढेल. सुईनं एक तुकडा काढून तपासू, मग किरणांचा शेक देऊ. त्यानं काही महिने बरे जातील.

"काही महिने" हे शब्द मामानं ऐकले की नाही कोण जाणे. बसस्टँडवर चहा पिताना तो म्हणाला, "तुझी मशीन चांगली हाय. बाईला वापरता येईना."

"मामा, त्या मोठ्या डॉक्टर आहेत. आणि ती कड खरी नाही. ती मी ठरवलेली आहे."

"खरी न्हाई तर काहून दाखवली?"

कड न दाखवता गाठ दाखवायची कशी?

तुकडा तपासून झाला. बाईंनी सांगितलं होतं तेच निघालं. शेक सुरू झाला, पण दिवसेंदिवस औरंगाबादला राहणं, उलट्या, आणि कळप दुसऱ्याच्या भरवशावर. मामानं शेक अर्धाच घेतला आणि परत आला. येताना माझ्याकडून सीडी मागून घेतली. म्हणाला, दुसरा कुणी डॉक्टर तयार झाला तर दाखवायला लागेल.

चाऱ्यासाठी कळप दरवर्षी वाशिमच्या बाजूला जायचा. त्या वर्षीही गेला, आणि कुणाचं न ऐकता मामाही गेला. मामीनं सीडी खणाच्या तुकड्यात गुंडाळून मेंढरांच्या औषधांच्या पेटीत ठेवली होती. वाटेत दवाखान्याची पाटी दिसली की मामा ती घेऊन आत जायचा. हे मला मामीनं फोनवर सांगितलं. एका डॉक्टरकडे कॉम्प्युटरच नव्हता. एकानं लावून पाहिली, प्रोग्राम उघडला नाही. एकानं ती उजेडात धरली, आपलाच चेहरा त्यात पाहिल्यासारखं केलं आणि परत दिली. मामा प्रत्येकाला एकच सांगायचा, "यात पिशवी दिसती, कडेसकट. माझ्या भाच्यानं काढलंय."

कधी कधी तो स्वतः फोनवर यायचा. वाक्य अर्ध्यात तुटायचं. "मेंढ... मेंढ... ती आपली..." असं काहीतरी म्हणायचा आणि थांबायचा. मग मागून मामीचा आवाज यायचा. एकदा त्याला माझं नाव आठवलं नाही. "भाचेबुवा" मात्र आलं. ते दोन-तीनदा म्हणाला.

मी इकडे प्रोग्राम बदलत होतो. सरळ रेघ लाल होते तर वाकडी काढून पाहू, मेंदूच्या घड्यांमधून वळसा घालून, असं ठरवून मी दोन महिने त्यातच घालवले. एक रेघ जवळजवळ शेवटपर्यंत पांढरी राहिली. मी धावत सरांना दाखवली. ते म्हणाले, "अरे, सुई अशी वळत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण प्रोजेक्टमध्ये राहू दे. चांगलं दिसतंय."

मला ते माहीत नव्हतं असं नाही. गाठीला कड नाही हेही माहीत होतं. तरी रोज लॅबमध्ये जाऊन मी मामाचं डोकं उघडायचो, फिरवायचो, नव्या जागी क्लिक करायचो. दुसरं करण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. घरचे फोन कमी झाले. मी केला की आई म्हणायची, बरा हाय, कळपाकडं हाय, तू अभ्यास कर. मीही जास्त विचारलं नाही.

लेखी परीक्षा झाल्या. सगळ्यात शेवटी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनजवळ येऊन बसले. मी मामाचं डोकं फिरवून दाखवलं. कवटी पारदर्शक केली, छेद घेतला, पट्टी सरकवली. त्यांनी स्वतः चार-पाच ठिकाणी क्लिक करून लाल रेघा काढल्या आणि खूश झाले. कॉलेजात असं काम बघितलं नव्हतं, म्हणाले. मग उठता उठता त्यांनी विचारलं, "हा खरा पेशंट आहे का?"

"हो सर. आमच्याच भागातला."

"कसा आहे आता?"

"बरा आहे सर," मी म्हणालो. "मेंढरांमागे असतो."

बाहेर आलो तर हॉस्टेलच्या पायरीवर वडील बसलेले दिसले. चार वर्षांत ते तिथे पहिल्यांदाच आले होते. पांढरं धोतर, टोपी, मांडीवर पिशवी. मला बघून उठले नाहीत.

"पेपर झाले?" त्यांनी विचारलं.

"झाले."

"समदे? ते तोंडी का काय, ते बी?"

"आत्ताच झालं, आबा. चांगलं झालं."

"बस मग." मी बसलो. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत डोक्यावर घातली. "तुझ्या मायनं समद्यांला शपथ घातली व्हती, लेकराचे पेपर होईस्तोवर कुनी कळवायचं न्हाई म्हनून."

मग ते सांगत गेले. मामाचं बोलणं आधीच पार बंद झालं होतं. दुपारी मेंढरं झाडाखाली बसली असताना फीट आली. ती थांबेचना. जीप आणायला माणूस धाडला, जीप यायच्या आधीच संपलं. कळप ज्याच्या शेतात बसला होता तो मालक भला होता, त्यानं ट्रॅक्टर दिला, त्यावर घालून गावी आणलं.

"कधी?" मी विचारलं.

वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल तेरवी झाली."